लांब थांबवलेली जीप

पोरांनो,

परवा व्हिडिओ कॉलवर तुमच्यापैकी धाकटीने विचारलं, "आजी, मागे अंगण एवढं मोठं कसं दिसतंय?" अंगण होतं तेवढंच आहे. त्यातली जीप गेली आहे. तुमचे बाबा तुम्हाला सांगतील, की आईने शेवटी आमचं ऐकलं आणि कर्जावर नवी गाडी घेतली. नवी गाडी घेतली हे खरं आहे. पण जीप मी त्यांच्या सांगण्यावरून दिली नाही. का दिली, ते कोणालाच सांगितलेलं नाही.

फरशीवर तिच्या तेलाचा डाग अजून आहे. आमच्या कामाच्या बाई म्हणतात, सोडा टाकून घासला की जाईल. तो जायच्या आत हे लिहून ठेवते. तोंडाने सांगितलं की अशा गोष्टी दर वेळी थोड्या वाढतात, आणि मला ही होती तेवढीच तुमच्याकडे पोहोचवायची आहे. तुम्ही मराठी हळू वाचता, म्हणून साधं लिहिते.

तुमचे आजोबा गुरांचे डॉक्टर होते हे तुम्हाला माहीत आहे. नोकरी बुलढाण्याला, पण दवाखान्यातल्या खुर्चीत ते फारसे कधी दिसले नाहीत. निवृत्त झाल्यावर तर धाड गावच्या बाजाराचा दिवस आला, की ते सकाळीच जीप काढत. धाडला बाजारात एक फेरी, मग पुढे आपल्या शेतावर, आणि वाटेत जो हात दाखवील त्याच्या गोठ्यात. जीप डिझेलची, ताडपत्रीच्या टपाची. चालू झाली की पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखी वाजायची. वळणाच्या पलीकडे असली तरी गावाला कळायचं.

गुरांनाही कळायचं. खडखडाट आला म्हणजे सुई आली, हे बैलांनी फार लवकर ओळखलं. दावं तोडून पळायला लागले. म्हणून आजोबांनी स्वतःची एक रीत पाडली. जीप गोठ्यापाशी न्यायची नाही. लांब, रस्त्यावरच्या बाभळीखाली उभी करायची, इंजिन बंद करायचं, थोडं बसायचं. मग दोन्ही हात मोकळे सोडून पायी चालत यायचं. बॅग मागून घरचा कोणीतरी आणायचा. असं केलं की जनावर उठून उभं राहायचं, पण बिचकायचं नाही. रस्त्यावर नजर लावायचं आणि ते जवळ येतील तशी मान वळवत राहायचं.

तेवढ्या वेळात घरच्या बाईने ओट्यावर गरम पाण्याची बादली आणि साबणाची वडी आणून ठेवलेली असायची. गुरांच्या डॉक्टरला हात लावायच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा हात धुवावे लागतात. गाय उठून रस्त्याकडे बघायला लागली की चुलीवर पाणी ठेवायचं, ही त्या भागातल्या बायकांची सवयच होऊन गेली होती. त्यांना वेगळा निरोप लागत नसे.

"बघा, तुमच्या कॉलेजात तुम्ही वर्गात आलात तर पोरं उठतात का अशी?" असं ते मला चिडवायचे. मी म्हणायची, "माझ्या हातात सुई नसते."

जीप चालवायला त्यांनीच मला शिकवलं होतं. बाईमाणूस जीप चालवतं म्हणून सुरुवातीला लोक सायकलवरून उतरून बघायचे. आजोबा वारल्यावर घरात बसून राहणं मला जमणारं नव्हतं. शेत बटाईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, करणारं जोडपं चांगलं आहे, पण मालकाने शेताकडे पाठ फिरवू नये. म्हणून काही आठवड्यांनी, बाजाराच्याच दिवशी, मी एकटीच जीप घेऊन निघाले.

शेताजवळ आल्यावर हात आपोआप वळले आणि मी बाभळीखाली जीप उभी केली. तशी काही गरज नव्हती. इंजिन बंद केलं. गोठ्यातली तांबडी गाय उठून उभी राहिली. त्यात नवल वाटलं नाही, तिने आवाज ओळखला होता. मी चष्म्याची काच पुसत तशीच बसले. चष्मा डोळ्यांवर चढवला तेव्हा दिसलं, की गाय जीपकडे बघत नाहीये. तिची नजर रस्त्यावर होती, जीपच्या थोडी पुढे. मग ती नजर सरकायला लागली. चालत्या माणसाच्या वेगाने. बांधावरून, कडब्याच्या गंजीजवळून, गोठ्याच्या तोंडापर्यंत. तिथे येऊन तिची मान थांबली आणि तिने कान मागे पाडले, कोणी मानेखाली खाजवल्यावर पाडते तसे.

मी अजून जीपमध्येच बसलेली होते.

बटाईदाराची बायको ओट्यावर आली. तिच्या हातात वाफाळती बादली होती. तिने ती खाली ठेवली, शेजारी साबण ठेवला, आणि मग मला म्हणाली, "या ना बाई, काऊन बसल्या उन्हात?"

मी आयुष्यभर मुलांना इंग्रजी शिकवलं आणि त्याबरोबर हेही, की आधी कारण शोधा, मग घाबरा. मी कारण शोधलं. जनावराला सवय असते. आवाज थांबला की अमुक इतक्या वेळात माणूस इथपर्यंत येतो, हे तिच्या अंगात मुरलेलं आहे. तिच्याशेजारी बांधलेली तरणी गाय, जी आजोबा गेल्यानंतर विकत आणली होती, ती मात्र खुशाल बसून रवंथ करत होती. तिने त्यांना कधी पाहिलंच नव्हतं. मला हे पटलं. पुढे दर बाजाराच्या दिवशी मी बघायची. ज्या गुरांनी त्यांना पाहिलं होतं ती उठायची, नवी बसून राहायची. हिशेब बरोबर लागत होता. खरं सांगायचं तर मी त्या क्षणाची वाट बघायला लागले. इंजिन बंद करायचं आणि गायीची मान बघायची. कोणाला तरी ते अजून दिसतात, निदान दिसल्यासारखं वाटतं, एवढं मला पुरत होतं.

मग वैशाखात जीप धाडजवळ बंद पडली.

बाजाराचा दिवस, भर दुपार. आपल्याकडची वैशाखातली दुपार तुम्ही पाहिलेली नाही. रस्ता पांढरा पडतो, पाखरूसुद्धा ओरडत नाही, आणि आमच्या लहानपणी त्या वेळी पोरांना घराबाहेर सोडत नसत. बैलबाजाराचं मैदान रस्त्याला लागूनच आहे. सौदे आटपून माणसं निंबाखाली तोंडावर उपरणं टाकून पडली होती. बैल रांगेने बसलेले. जीप एकदा धक्का खाऊन गप्प झाली.

मी चावी फिरवली. काही नाही. आणि त्या शांततेत मैदानातला एक बैल उठला. मग त्याच्यापासून दूरचा एक. मग आणखी काही. सगळे नाहीत, मधूनमधून एखादा, जुना, शिंगं झिजलेला. कुणी हंबरलं नाही, दावं ओढलं नाही. ते उभे राहिले आणि त्यांनी तोंडं रस्त्याकडे केली. माझ्याकडे नाही. मग सगळ्यांच्या माना एकदम, सावकाश, एकाच बाजूला वळायला लागल्या.

वळत वळत त्या रांगेच्या पहिल्या बैलापाशी थांबल्या. थोड्या वेळाने दुसऱ्यापाशी.

एक म्हातारा व्यापारी उठून बसला. त्याने बैलांकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुमच्यासंगं कोन उतरलं?"

"कोणी नाही. मी एकटीच आहे."

"मंग हे कोनाले पाहून राह्यले?"

मी पुन्हा चावी फिरवून पाहिली. तो उठून उभा राहिला. टोपी झटकून डोक्यावर घातली आणि इतरांना हाका मारल्या. माणसं उठली तसा मैदानात आवाज झाला, बैल एकेक करून बसले. जीपला धक्का द्यायला चार-सहा जण आले. त्यातला एक म्हणाला, "डाक्टरसायबाची गाडी हाय बे, हिले धक्का देऊन काय होते? शेपटी पिरगाळा!" सगळे हसले. मीही हसले. मी स्टिअरिंग सरळ धरलं.

बैलांचा हिशेब मला घरी येऊनही लागला नाही. ते बैल कुठकुठल्या गावांचे होते. त्यांच्यापैकी कोणाच्या गोठ्यात त्या मैदानाइतकं अंतर चालून कोणी येत नव्हतं. मग सवयीने सगळ्यांच्या माना एकाच वेळी, एकाच जागी कशा थांबल्या?

मिस्त्रीने बॉनेट उघडून बराच वेळ आत बघितलं. "इंजिन मी उभं करून देतो बाई. पासिंग पन संपून राह्यलं, तेबी पाहू. पन बिरेकची जबाबदारी मले देऊ नका." हे मी तुमच्या बाबांना फोनवर सांगितलं. बैलांचं सांगितलं नाही.

"आई, आता दोनच गोष्टी," ते म्हणाले. "एक तर नवी गाडी घे, कर्जात मी सोबत सही करतो, हप्ते माझ्या खात्यातून जातील. नाहीतर घर बंद कर आणि इकडे ये. ब्रेक नसलेल्या जीपमध्ये तू त्या रस्त्याने फिरतेस आणि इथे मला काम सुचत नाही."

"दुरुस्त करून घेते ना."

"ती दुरुस्त होऊन होऊन संपलीय, आई. तू जीप नाही सांभाळत आहेस, तू बाबांना सांभाळते आहेस."

हे त्यांनी रागात म्हटलं, पण म्हटलं ते बरोबर होतं. माझ्यापुढे प्रश्न गाडीचा नव्हताच. जीप ठेवली तर मुलगा मला इथे एकटं राहू देणार नाही, आणि त्याचं चुकतही नव्हतं. जीप दिली तर इथे राहता येईल, पण तो खडखडाट गेला की गाय उठणार नाही. तिची मान रस्त्यावरून फिरणार नाही. तुमचे आजोबा ज्या एकाच वाटेने अजून येत होते, ती वाट मी माझ्या सहीने बंद करणार होते. आणि खरं सांगते, बैलांचा तो प्रकार पाहिल्यावर ती बंद व्हावी असंही मला अर्धं वाटत होतं.

तुमच्या बाबांनी तिकडूनच शोरूमला फोन केला. तिसऱ्या दिवशी एक गृहस्थ चकचकीत पांढरी गाडी घेऊन दारात हजर. पोट सुटलेले, मिशीला कलप, गळ्यात ओळखपत्र. "मॅडम, चालवून बघा. गाडी चालू आहे की बंद, तेच कळत नाही. आपल्या वयाला तर फायनान्स एकदम आरामात." माझ्या वयाला कर्ज द्यायला निघालेल्या माणसाचा माझ्या आयुष्यावर माझ्यापेक्षा जास्त भरवसा होता. मला ते आवडलं. म्हटलं, "चला, शेतापर्यंत जाऊन येऊ. रस्ता खराब आहे, गाडीचं काय ते कळेल."

हे नीट लक्षात ठेवा: तो बाजाराचा दिवस नव्हता. सकाळची वेळ होती, एरवी मी दुपारी जाते. शेतावर कोणाला कळवलेलं नव्हतं, कारण निघेपर्यंत मलाच माहीत नव्हतं.

धाडचं मैदान रिकामं होतं. वाटेतल्या एका वस्तीवर आजोबांच्या ओळखीची म्हैस बांधलेली असते, ती जीप गेली की हमखास उठायची. आम्ही तिच्या अगदी जवळून गेलो. ती बसून राहिली, कानसुद्धा हलवला नाही. मला हायसं वाटलं, आणि वाईटही. म्हणजे आवाजच होता सगळा. जीप गेली की संपेल.

शेताजवळ मी गाडी मुद्दाम सरळ गोठ्यापर्यंत नेणार होते. काचा वर, आत गारवा, बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं. बाभळीच्या अलीकडच्या वळणावर आले आणि मला गोठा दिसला.

तांबडी उभी होती. तोंड रस्त्याकडे.

मी बाभळीखालीच गाडी थांबवली. "काय झालं मॅडम?" शोरूमचे गृहस्थ म्हणाले. मी त्यांना गप्प राहायची खूण केली आणि काच खाली घेतली. गायीची नजर आमच्या गाडीवर नव्हती. थोडा वेळ ती तशीच स्थिर होती, कोणी जीपमध्ये बसून राहिलं असावं तेवढा वेळ. मग ती सरकायला लागली. बांधावरून. गंजीजवळून. गोठ्याच्या तोंडाशी. कान मागे पडले.

ओट्यावर बादली आधीच भरलेली होती. तिच्यातून वाफ निघत होती.

"अगं, मी येणार हे तुला कोणी सांगितलं?" मी विचारलं.

"सांगते कोन? हे मघापासून उठून उभी हाय," बटाईदाराची बायको गायीकडे हात करून म्हणाली. "म्हटलं सायब येऊन राह्यले वाटते आज. म्हून पानी ठेवलं."

"आणि आवाज? जीपचा आवाज आला?"

"नाही बा. आवाज कुठं येते नेहमी?"

"नेहमी म्हणजे?"

ती माझ्याकडे अशी बघायला लागली, की जणू एवढं शिकून मला साधी गोष्ट समजत नाही. "तुमी कुठं दर खेपेले येता बाई? मांगं ताप आलता तुमाले, महिनाभर आल्या नाही. तवा बी उठे. मी पानी ठेवो, थंड झालं की झाडाले टाको. येखांद्या वक्ती साबन ओला राहे."

"कावळे नेतात साबण," मी म्हणाले. "पाण्यात बुडवून नेतात."

"हाव," ती लगेच म्हणाली. "कावळे लई झाले यंदा."

घामाघूम झालेले शोरूमचे गृहस्थ एवढ्यात पुढे आले आणि तोंडावर पाणी मारायला बादलीकडे वाकले. तिने पटकन बादली मागे ओढली. "ते नका घेऊ भाऊ. सायबाचं हाय. तुमाले रांजनातलं देतो."

"सॉरी, सॉरी," ते सरळ झाले, शर्ट खाली ओढला आणि गोठ्याकडे पाहून अदबीने हसले. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "साहेब इथेच आहेत का? आधी सांगायचं ना मॅडम. त्यांनाही एक राऊंड मारून आणतो."

बटाईदाराची बायको तोंडाला पदर लावून हसली. मला हसू आलं नाही. मी गोठ्याच्या तोंडाशी बघितलं. तिथे ऊन होतं, शेण होतं, गव्हाणीत अर्धा खाल्लेला कडबा होता. गायीने मान किंचित उचलून धरली होती.

परतीच्या वाटेवर त्या गृहस्थांनी मायलेज सांगितलं, सर्व्हिसिंग सांगितलं. मी ऐकत नव्हते. जीप तेव्हा आपल्या अंगणात होती, बॅटरी मिस्त्रीकडे. ज्याला यायचं होतं त्याला जीपची गरज नव्हती. इतके दिवस मी समजत होते, की मी त्यांना त्या खडखडाटात बसवून तिथवर नेते. ते आपले आपणच जात होते. कदाचित पहिल्यापासून. म्हशीपाशी ते थांबले नसतील, कारण तिला त्या दिवशी काही झालेलं नव्हतं. असा विचार माझ्या डोक्यात अगदी सहज आला, आणि आला म्हणून मी दचकले.

बुलढाण्याला पोहोचल्यावर मी कागदांवर सह्या केल्या. तुमच्या बाबांना फोनवर म्हटलं, "घेतली रे. जीप बदल्यात देते." ते इतके खूश झाले, की त्यांनी कारण विचारलंच नाही.

जीप न्यायला आले त्या सकाळी मी तिला हळदकुंकू लावलं, चाकापुढे नारळ फोडला. चालू व्हायला तिने नेहमीइतकाच त्रास दिला. खडखडाट कोपऱ्यापर्यंत गेला, मग पलीकडच्या गल्लीतून आला, मग थांबला. मी फाटक लावून घेतलं आणि स्वयंपाकाला लागले. त्या दिवशी मला त्यांची आठवण आली ती जीपची नव्हती, त्यांच्या हातांना येणाऱ्या कार्बोलिक साबणाच्या वासाची होती.

आता मी नव्या गाडीने जाते. ब्रेक चांगले आहेत, तुमचे बाबा निश्चिंत आहेत, आणि मला घर बंद करावं लागलेलं नाही. मी गाडी अजून बाभळीखाली थांबवते आणि थोडं बसते. आधी कोणाला जाऊ द्यायचं, ते कळतं आता मला. मग उतरते.

दिवाळीच्या पुढेमागे तांबडीला कालवड झाली. ती जन्मली तेव्हा जीपही नव्हती आणि सुई टोचायला आला तो दुसराच डॉक्टर होता. परवा मी गेले तेव्हा ती आईच्या पोटाला टेकून उभी होती. दोघींची तोंडं रस्त्याकडे होती. दोघींच्या माना बरोबरीने वळल्या. बटाईदाराच्या बायकोने ते पाहिलं आणि मी पाहिलं, आणि आम्ही दोघींनी यंदाच्या तुरीच्या गोष्टी काढल्या.

तुम्ही हिवाळ्यात याल तेव्हा तुम्हाला मी तिथे घेऊन जाईन. घाबरण्यासारखं काही नाही. बादलीला मात्र हात लावू नका.

जीप राहिली नाही. गाय आहे, तिची कालवड आहे, बाभूळ आहे, आणि ओट्यावर गरम पाणी ठेवलं जातं.